देशासाठी ४७ गोल, पण देशाच्या अव्वल लीगमध्ये एकही सामना नाही: पाउलेताची कारकीर्द समजून घेताना

पोर्तुगालकडून आजवर सर्वाधिक गोल कुणी केले, याची यादी उघडली की पहिलं नाव दिसतं क्रिस्तियानो रोनाल्डोचं आणि तिसरं युसेबियोचं. ही दोन नावं अधूनमधून फुटबॉल बघणाऱ्यालाही ठाऊक असतात. मधल्या नावापाशी मात्र बरेच जण अडखळतात. पेद्रो पाउलेता. ८८ सामने, ४७ गोल. युसेबियोचा ४१ गोलांचा विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ अबाधित होता. तो पाउलेताने २००५ मध्ये मोडला आणि पुढची आठ वर्षं स्वतःकडे राखला.

आणि हा माणूस पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही! बेन्फिका, पोर्तो, स्पोर्टिंग हे मोठे क्लब तर राहोच, तळाशी झगडणारा एखादा छोटा क्लबही त्याच्या वाट्याला आला नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने स्पेन आणि फ्रान्समध्ये काढली. मायदेशात तो खेळला तो खालच्या श्रेणींत, नाहीतर थेट राष्ट्रीय संघाच्या जर्सीत.

हे कसं झालं, हे बघायला गेलं की युरोपातल्या फुटबॉलचा कारभार कसा चालतो, स्ट्रायकरचं, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणाऱ्याचं, नेमकं काम काय आणि गोलांचे आकडे कसे वाचायचे, हे सगळं ओघाने येतं. म्हणूनच मला ही कारकीर्द मोठ्या ताऱ्यांच्या कारकिर्दींपेक्षा जास्त शिकवणारी वाटते.

मधला समुद्र

पोर्तुगालचा नकाशा म्हटलं की स्पेनच्या कडेला चिकटलेली उभी पट्टी आठवते. पण त्या पट्टीच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात सुमारे १,४०० किलोमीटरवर, अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत आणि तीही पोर्तुगालचीच. ज्वालामुखींतून वर आलेली, हिरव्या कुरणांची, गाईगुरांची बेटं. त्यांतलं सर्वांत मोठं साओ मिगेल, आणि तिथलं मुख्य शहर पोंता देल्गादा. २८ एप्रिल १९७३ रोजी पाउलेता तिथे जन्मला. युसेबियो राष्ट्रीय संघाकडून शेवटचा सामना खेळला, तोही त्याच वर्षी. पाउलेता हे टोपणनाव आहे. कागदोपत्री नाव पेद्रो मिगेल कारेइरो रेझेन्देस.

युरोपात देशोदेशीच्या लीग शिडीसारख्या रचलेल्या असतात. सगळ्यात खाली प्रादेशिक लीग, त्यावर तिसरी-दुसरी श्रेणी आणि वरच्या पायरीवर पहिली श्रेणी. हंगामाच्या शेवटी वरचे संघ एक पायरी चढतात, तळाचे एक पायरी उतरतात. म्हणजे कागदावर कुठलाही क्लब कुठेही पोहोचू शकतो. प्रत्यक्षात खालच्या पायऱ्यांवर पैसा नसतो, आणि बेटांवर तर दुसऱ्या गावी खेळायला जायचं म्हणजे विमान किंवा बोट. अझोर्समधला एकही क्लब १९९९ पर्यंत पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला नव्हता. त्या वर्षी पोंता देल्गादाच्या सांता क्लाराने तो उंबरा ओलांडला, तेव्हा पाउलेता २६ वर्षांचा होता आणि स्पेनमध्ये खेळत होता.

त्यामुळे तो लहानाचा मोठा झाला त्या काळात बेटावरच्या मुलाला अव्वल लीगमध्ये खेळायचं तर घर सोडून समुद्र ओलांडणं, एवढाच मार्ग होता. खेळाडू हेरणारी माणसं जिथे सामने जास्त, तिथे फिरतात. तीन तासांच्या अंतरात दहा मैदानं पाहता येत असतील, तर एका मुलासाठी विमानाने बेटावर कोण जाणार? पाउलेता सांता क्लारा, ऑपेरारियो, आंग्रेन्से, उनियाओ मिकायलेन्से अशा बेटांवरच्याच क्लबांतून खेळत राहिला. १९९५ मध्ये, २२ व्या वर्षी, त्याला मुख्य भूमीवर जागा मिळाली ती लिस्बनजवळच्या एस्तोरिलमध्ये. तीही दुसऱ्या श्रेणीत.

इथे रोनाल्डोशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. तोही बेटावरचाच, मदेराचा. त्याच्याही वाटेत समुद्र होताच. पण १२ व्या वर्षी तो लिस्बनला स्पोर्टिंगच्या अकादमीत दाखल झाला आणि १८ व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडमध्ये पोहोचला. बावीस वर्षांच्या पाउलेताचं नाव पोर्तुगालमध्येही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. दोघांच्या प्रतिभेत फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण मधली दहा वर्षं कुणाच्या हाताखाली, कशा मैदानावर, कोणत्या दर्जाच्या बचावपटूंसमोर गेली, याचाही हिशेब धरावा लागतो.

लक्झेंबर्गमधला निकाल

पाउलेता एस्तोरिलमध्ये असताना, १५ डिसेंबर १९९५ रोजी, लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने एक निकाल दिला. बेल्जियमच्या झाँ-मार्क बोसमन नावाच्या खेळाडूचा करार संपला होता, तरी त्याचा क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला फ्रान्समधल्या क्लबकडे जाऊ देत नव्हता. करार संपल्यावरही माणूस अडकलेला! बोसमन न्यायालयात गेला. न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात विनामोबदला जाऊ शकतो, ही पहिली. दुसरी आपल्या गोष्टीसाठी अधिक महत्त्वाची: युरोपीय संघाच्या सदस्य देशांतल्या खेळाडूंना 'परदेशी' म्हणून संख्येच्या मर्यादेत अडकवता येणार नाही.

त्याआधी काय होतं ते बघा. संघात परदेशी खेळाडू किती खेळवायचे यावर बंधन असे, युरोपीय स्पर्धांमध्ये तर ते साधारण तीनवर येऊन थांबत असे. तीनच जागा असतील तर क्लब त्या कुणासाठी खर्च करेल? ब्राझीलचा एखादा नावाजलेला खेळाडू, अर्जेंटिनाचा एखादा गाजलेला मध्यरक्षक. पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतल्या अनोळखी आघाडीपटूवर अशी जागा कुणी घालवली नसती. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायात, म्हणजे युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, होता. या निकालानंतर स्पॅनिश क्लबसाठी पोर्तुगीज खेळाडू कामाच्या हक्कांपुरता घरच्यासारखाच झाला.

१९९६ च्या उन्हाळ्यात पाउलेता साल्मांकाला गेला. स्पेनमधलं हे जुनं विद्यापीठाचं शहर पोर्तुगालच्या सीमेपासून फार दूर नाही. संघ तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत होता आणि प्रशिक्षकही पोर्तुगीज होते, जुआंव आल्व्हेस. पहिल्याच हंगामात पाउलेताने लीगमध्ये १९ गोल केले, साल्मांका वरच्या श्रेणीत गेला. पुढच्या हंगामात, रिअल माद्रिद आणि बार्सिलोना ज्या लीगमध्ये खेळतात तिथे, त्याने १५ गोल केले. मधल्या ऑगस्टमध्ये, २० तारखेला, आर्मेनियाविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघातर्फे पदार्पण केलं. पोर्तुगालची पहिली श्रेणी त्याच्या वाटेत आलीच नाही. बेटावरून एस्तोरिल, तिथून साल्मांका आणि तिथून थेट राष्ट्रीय संघ.

पुढची दोन वर्षं देपोर्तिव्हो ला कोरुन्यामध्ये गेली. १९९९-२००० मध्ये या क्लबने आपल्या इतिहासातलं एकमेव स्पॅनिश विजेतेपद जिंकलं. पाउलेता त्या संघात होता, पण पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर होता डच रॉय माकाय. विजेत्या संघात राहून बाकावरून उठायची वाट बघायची की दुसरीकडे रोज खेळायचं, या प्रश्नाला त्याने बोर्दो हे उत्तर दिलं. फ्रान्सच्या त्या क्लबने सिल्व्हां विल्टोर्डला नुकतंच आर्सेनलला विकलं होतं, त्यांना गोल करणारा माणूस हवाच होता. सप्टेंबर २००० मध्ये नांतविरुद्ध, नांतच्याच मैदानावर, पाउलेताने पहिल्या सामन्यात हॅट्ट्रिक केली. बोर्दोने तो सामना ५-० ने जिंकला.

नऊ नंबरचं काम

नऊ नंबरची जर्सी सहसा स्ट्रायकरची. पोर्तुगीज भाषेत त्याला म्हणतात 'पोंता द लांसा', म्हणजे भाल्याचं टोक. पोंता देल्गादा या गावाच्या नावातला 'पोंता' तोच, टोक. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात या कामाचं मर्म आहे. भाल्याची काठी, पकड, फेकणाऱ्याचा दंड हे सगळं मागे असतं, टोकाने फक्त नेमकं लागायचं असतं.

टीव्हीवर आपली नजर चेंडूसोबत फिरते, त्यामुळे स्ट्रायकरचं बहुतेक काम आपल्याला दिसतच नाही. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा चेंडू बाजूच्या रेषेजवळ असताना गोलसमोरच्या माणसाकडे बघा. बचावपटूला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, चेंडू आणि पाठीमागचा माणूस. त्याची मान चेंडूकडे वळली की स्ट्रायकर त्याच्या पाठीआड सरकतो. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारा चेंडू, सुटायच्या क्षणी तो पाठीमागून झेप घेऊन बचावपटूच्या पुढे येतो, बहुतेक वेळा जवळच्या खांबाकडे. ही धाव अर्धा सेकंद आधी सुटली तर ऑफसाइड (चेंडू सुटण्याआधीच बचावपटूंच्या पलीकडे गेल्याचा नियमभंग), अर्धा सेकंद उशिरा सुटली तर चेंडू गेला. आणि चेंडू आलाच, तर तो थांबवून, नीट मांडून मारायला सवड नसते. एका स्पर्शात, फार तर दोन स्पर्शांत, सोक्षमोक्ष लावायचा.

पाउलेता धिप्पाड नव्हता, सहा फुटांच्या आतलाच. चार जणांना चकवत चेंडू नेणाऱ्यांतला तो नव्हे. तो जगला या अर्ध्या सेकंदावर. शिवाय त्याच्या पायांत आणखी एक दुर्मीळ गुण होता: अरुंद कोनातून गोल. पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून २००३-०४ च्या हंगामात मार्सेयविरुद्ध त्याने केलेल्या गोलाची आठवण फ्रान्समध्ये अजून काढली जाते. गोलरेषेजवळून, जिथून जाळं जेमतेम दिसतं अशा जागेवरून, त्याने चेंडू विश्वविजेता गोलरक्षक फाबियां बार्तेझच्या डोक्यावरून आत टाकला. बहुतेकांनी तिथून चेंडू मागे दिला असता.

गोल केल्यावर तो दोन्ही हात पसरून धावायचा, पंखांसारखे. फ्रेंच लोकांनी त्याला 'अझोर्सचा गरुड' म्हटलं ते यावरून. अझोर्सचं नावही एका शिकारी पक्ष्याच्या पोर्तुगीज नावाशी जोडलं जातं आणि तो पक्षी बेटांच्या झेंड्यावर नऊ ताऱ्यांखाली पंख पसरून बसलेला आहे.

बोर्दोत तीन हंगामांत लीगचे ६५ गोल. २००१-०२ मध्ये २२ गोलांसह तो जिब्रिल सिसेबरोबर लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि २००२ व २००३ अशी सलग दोन वर्षं फ्रेंच लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला. २००३ मध्ये तो पॅरिसच्या पीएसजीमध्ये आला. त्याच उन्हाळ्यात रोनाल्डिन्यो पीएसजी सोडून बार्सिलोनाला गेला होता. आजच्या पीएसजीवरून तेव्हाच्या क्लबची कल्पना करू नका. कतारचा पैसा आला २०११ मध्ये. पाउलेताचा पीएसजी एका वर्षी दुसरा यायचा आणि तीन वर्षांनी खालच्या श्रेणीत घसरण्याच्या भीतीने रात्री काढायचा.

त्याच्या नावावर फ्रेंच लीगचं विजेतेपद का नाही, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर साधं आहे. तो फ्रान्समध्ये आठ हंगाम खेळला आणि त्यांतली शेवटची सात विजेतेपदं लियाँने ओळीने जिंकली. लियाँचा तो सुवर्णकाळ होता आणि पाउलेता त्याच्या नेमका समोर उभा होता. चषक मात्र मिळाले. २००४ च्या फ्रेंच कप अंतिम सामन्यात शातोरूविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच.

मला त्याचा सर्वांत मोठा हंगाम वाटतो तो २००६-०७ चा. पीएसजी १५ व्या स्थानावर राहिला, आणि पाउलेता १५ गोलांसह लीगचा सर्वाधिक गोल करणारा होता, ३४ व्या वर्षी. आकडा लहान दिसतो. पण चांगल्या संघात स्ट्रायकरला एका सामन्यात चार-पाच संधी मिळतात, धडपडणाऱ्या संघात एखादी. त्या एखाद्या संधीवर पूर्ण देशातल्या स्ट्रायकर मंडळींना मागे टाकणं, हे २५ गोलांपेक्षा अवघड आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

४१ आणि ४७

पोर्तुगालला पाउलेता सापडला तेव्हा त्यांच्याकडे जे नव्हतं तेच तो घेऊन आला. १९८९ आणि १९९१ मध्ये पोर्तुगालने युवा विश्वचषक जिंकले होते. त्यातून पुढे आलेल्या पिढीला तिकडे 'सोनेरी पिढी' म्हणतात. लुईस फिगो, रुई कोस्टा, चेंडूवर हुकमत असलेले, पास देणारे, बगलेतून धावणारे एकाहून एक खेळाडू. भाल्याला दंड होता, काठी होती. टोकाची जागा रिकामी होती. नुनो गोमेस आणि पाउलेता यांनी ती आलटून पालटून भरली. युरो २००० मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, नुनो गोमेसने चार गोल करून नाव कमावलं, पाउलेता तेव्हा मागे होता. नंतरच्या पात्रता फेऱ्यांत तो पुढे आला.

आता तो विक्रम. १२ ऑक्टोबर २००५, पोर्तो शहर, लाटव्हियाविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना. पाउलेताने दोन गोल केले आणि युसेबियो मागे पडला. त्या पात्रता फेरीत युरोपभरात सर्वाधिक गोल त्याचेच होते, ११.

मग पाउलेता युसेबियोपेक्षा मोठा का? नाही. युसेबियोचे ४१ गोल ६४ सामन्यांत आहेत, म्हणजे दर तीन सामन्यांत जवळपास दोन. पाउलेताचे ४७ गोल ८८ सामन्यांत, दर दोन सामन्यांत एकाच्या जरा वर. युसेबियोने एकट्या १९६६ च्या विश्वचषकात ९ गोल केले. पाउलेताचे विश्वचषक आणि युरो मिळून चार: २००२ मध्ये पोलंडविरुद्ध हॅट्ट्रिक, आणि २००६ मध्ये अँगोलाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला एक. ४७ मधले चार गोल कुवेतविरुद्धच्या एकाच मैत्रीपूर्ण सामन्यातले आहेत. शिवाय युसेबियोच्या काळात आजच्याइतके आंतरराष्ट्रीय सामने होतच नसत आणि पात्रता फेरीत लिख्टेनश्टाइनसारखे छोटे संघ क्वचितच भेटत.

पण एवढ्यावर पाउलेताला निकाली काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. पोर्तुगाल २००२ च्या आधी फक्त दोनदा विश्वचषक खेळला होता, १९६६ आणि १९८६ मध्ये. त्या सोनेरी पिढीलाही १९९४ आणि १९९८ चे विश्वचषक घरी बसून बघावे लागले. पात्रता फेरीतले गोल स्वस्त असते तर हे झालं नसतं. बंदिस्त बचाव करणाऱ्या लहान संघाचे सगळे अकरा जण स्वतःच्या गोलसमोर भिंत बांधतात. अशा वेळी एका अर्ध्या संधीत चेंडू आत टाकणारा नसेल तर सामना ०-० सुटतो आणि विश्वचषक हातचा जातो.

युरो २००४ हा त्याच्या कारकिर्दीतला दुखरा भाग. स्पर्धा पोर्तुगालमध्येच होती, साऱ्या देशाचं लक्ष लागलेलं. पाउलेताने एकही गोल केला नाही. ४ जुलैला लिस्बनमध्ये अंतिम सामना ग्रीसने १-० ने जिंकला. टीका भरपूर झाली, आणि काही अंशी ती रास्तही होती. स्ट्रायकरला शेवटी गोलांवरच मोजतात. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पोर्तुगाल पुढे एकच स्ट्रायकर ठेवून खेळत होता. ग्रीकांनी गोलसमोरची जागाच बुजवून टाकली होती आणि ज्या अर्ध्या सेकंदावर पाउलेता जगायचा तो त्याला मिळालाच नाही. मागचे खेळाडू दुरून फटके मारत राहिले, तो मध्ये एकटा उभा होता. चेंडूपर्यंत न पोहोचणारा स्ट्रायकर टीव्हीवर आळशी दिसतो.

२००६ च्या विश्वचषकात पोर्तुगाल चौथा आला आणि पाउलेताने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. क्लबसाठी तो आणखी दोन वर्षं खेळला. २००८ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात लाँसविरुद्ध गोल केला, पीएसजीने तो सामना २-१ ने जिंकला, आणि त्या हंगामाअखेरीस तो थांबला. पीएसजीसाठी त्याचे एकूण १०९ गोल झाले होते, क्लबच्या इतिहासात तेव्हा सर्वाधिक. नंतर तो आकडा २०१५ मध्ये झ्लाटान इब्राहिमोविचने ओलांडला. पाउलेता साओ मिगेलला परतला. मुलांसाठी त्याने तिथे फुटबॉल शाळाही काढली.

देशाचा विक्रम आधीच गेला होता. १९ नोव्हेंबर २०१३ ला स्वीडनमध्ये रोनाल्डोने हॅट्ट्रिक करून पोर्तुगालला विश्वचषकात नेलं आणि ४७ ची बरोबरी साधली. पुढचा सामना ५ मार्च २०१४ ला कॅमेरूनविरुद्ध, लेइरियाच्या मैदानावर. रोनाल्डोने दोन गोल केले आणि एका बेटावरच्या मुलाचा विक्रम दुसऱ्या बेटावरच्या मुलाकडे गेला. कुवेतविरुद्ध पाउलेताने चार गोल केले होते, तेही लेइरियाच्या याच मैदानावर, १९ नोव्हेंबर २००३ रोजी.